रांग बारा, सीट एक आणि दोन

नेपरव्हिल,
९ जून २०२४

चि. बाळ,

मुख्य बातमी आधी. कॉलेज आपल्या स्टेडियमच्या प्रेसबॉक्सला माझं नाव देणार आहे. शनिवार, २८ सप्टेंबर, फुटबॉलच्या मॅचमध्ये हाफटाइमला. प्रेसबॉक्स म्हणजे मैदानाच्या वरची लांबट, काचेची खोली. पत्रकार तिथे बसतात. माझी एकतीस वर्षं तिथेच गेली.

आता तपशील. मला रिटायर होऊन दहा वर्षं झाली, त्यामुळे सगळे मला विसरले असतील असं धरून चाललो होतो. पण ज्या पोरांबद्दल मी लिहायचो ती आता आजोबा झाली आहेत आणि त्यांनीच हे घडवून आणलं.

प्रथा अशी आहे की ज्याचा सन्मान, त्याची ओळख त्याच्या जवळच्या माणसाने मैदानावर माइकवरून करून द्यायची. तीन मिनिटं. कॉलेजने आमच्या जुन्या कोचचं नाव सुचवलं. मी म्हटलं, माझा भाऊ बोलेल. तुझी वहिनी उत्तरा असती तर तिला सांगितलं असतं. आता तूच.

फोनवरच विचारलं असतं, पण लष्करातल्या सहा वर्षांत तोफांनी माझे कान खाल्ले ते तुला ठाऊक आहे. नेत्रा फोन धरून बापाला मोठमोठ्याने सांगते आणि मी नुसतं 'हो, हो' म्हणतो. पत्र बरं. कांचनला आशीर्वाद.

तुझा,
दादा

---

ट्रॉय,
२० जून २०२४

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र कांचनने मोठ्याने वाचून दाखवलं. ती रडली. मी उठून चहा ठेवला.

अभिनंदन. लिहिलं एकदाचं. हा एक शब्द लिहायला मला अकरा दिवस लागले, तेव्हा त्याची किंमत ठेव. खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखलं आणि अजून दुखतंय. मी तीस वर्षं गाड्यांच्या दारांचे लॅच बनवले. आमच्या मिशिगनच्या जानेवारीत जे दार गोठत नाही ना, ते माझ्यामुळे. निघताना कंपनीने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ते रोज चार मिनिटं मागे पडतं. आणि तू? तू काचेच्या खोलीत बसून दुसरे किती यार्ड पळाले ते मोजलंस, आणि खोलीला नाव तुझं! वा रे वा.

पहिल्यापासून हेच. तू इंजिनिअरिंगची नोकरी गेली म्हणून सरळ अमेरिकेच्या सैन्यात भरती झालास, नानांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, आणि तरी आळीतली पोरं मला विचारायची ती तुझंच. 'तुझा दादा बंदूक चालवतो का रे?' मी पहिला आलो ते कुणी विचारलं नाही.

पण एक लक्षात असू दे. मिरजेच्या पेपरात नाव आलं ते माझं. १९९४, 'दैनिक वारणातीर', पान तीन, माझ्या लॅचच्या पेटंटची बातमी. कुणाच्या पाया पडायला गेलो नव्हतो मी, त्यांनी आपणहून छापली. नानांनी ते कात्रण शेवटपर्यंत पाकिटात बाळगलं. आता ते आमच्या फॅमिली रूममध्ये फ्रेममध्ये आहे. तुझ्याबद्दल गावात कधी एक ओळ छापून आली नाही. हे तुला चिडवायला लिहीत नाही. (चिडवायलाच लिहितोय.)

राहता राहिलं भाषण. मी तिथे उभं राहून बोलू काय? एकतीस वर्षं तू नेमकं काय केलंस हे मला आजही धड माहीत नाही. काही पुरावा असला तर पाठव, मग बघू.

तुझा,
बाळ

---

नेपरव्हिल,
२ जुलै २०२४

चि. बाळ,

सोबत पाकीट. माझ्या जुन्या बातम्यांच्या प्रती आहेत, साधारण साठ. सगळ्या वाचायची गरज नाही.

माझं काम तीन प्रकारचं होतं. मॅच चालू असताना आकडे ठेवायचे. मॅच संपली की अर्ध्या तासात हकिकत लिहून पत्रकारांच्या हातात द्यायची. तिसरं काम मला सगळ्यात आवडायचं. आमचे खेळाडू लहान लहान गावांतून येत. त्यांच्यातल्या कुणी काही केलं, अगदी एक चांगली मॅच खेळला, तरी त्याच्या गावच्या पेपरला चार ओळी पाठवायच्या. आधी आईवडलांची नावं, मग शाळा, मग पोराने काय केलं ते. गावाला खेळ कळत नसतो, आईवडील माहीत असतात. हे मी लष्कराच्या पेपरात शिकलो. जर्मनीत आमच्या तुकडीचा पेपर मी चालवायचो आणि पोरांच्या बातम्या त्यांच्या घरच्या गावी पाठवायचो.

दोन नियम पाळले. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव कुठेही घालायचं नाही. आणि प्रेसबॉक्समध्ये टाळी वाजवायची नाही, आपली टीम जिंकली तरी. नव्या माणसाला हे फार जड जातं. मलाही पहिली दोन वर्षं हात मांडीखाली धरून बसावं लागलं.

एक गोष्ट कधी बोललो नाही, आता बोलतो. १९९१ मध्ये आई-नाना तुमच्याकडे सहा महिने होते. तेव्हा १२ ऑक्टोबरच्या मॅचचे दोन पास मी नानांच्या नावाने तुझ्या पत्त्यावर पाठवले होते. सेक्शन सी, रांग बारा, सीट एक आणि दोन. प्रेसबॉक्समधून बरोबर समोर दिसतात. ती मॅच मी अर्धी दुर्बिणीतून पाहिली, आणि तीही मैदानाची नाही. नाना येणार नाहीत हे खरं तर मला समजायला हवं होतं. त्यांचा राग सैन्यावर होता आणि तो गेला नव्हता. दिवाळीला तुमच्याकडे आलो तेव्हाही ते माझ्याशी दोन वाक्यांवर बोलले नाहीत. असो.

भाषणाचं कळव.

दादा

---

ट्रॉय,
१५ जुलै २०२४

ती. दादास नमस्कार.

पाकीट मिळालं. उघडायला वेळ झाला नाही.

मला येणं जमेलसं वाटत नाही. गुडघा त्रास देतोय आणि पाच तास ड्राइव्ह करणं आता होत नाही. कोच बोलले तर जास्त शोभेल. ते तुझ्या जगातले. मी तिथे काय सांगणार, की लहानपणी माझ्या वाटचा खाऊ तू खायचास?

१९९१ चं मनावर घेऊ नकोस. नानांना गर्दी आणि थंडी सोसत नव्हती एवढंच.

बाळ

---

नेपरव्हिल,
२२ जुलै २०२४

चि. बाळ,

ठीक. कोचना सांगितलं.

तुझ्या आणि कांचनच्या नावाने दोन जागा तरी ठेवल्या आहेत. सेक्शन सी, रांग बारा, सीट एक आणि दोन. आलात तर आलात.

गुडघ्याला सांभाळ.

दादा

---

ट्रॉय,
३० ऑगस्ट २०२४

ती. दादा,

गुडघ्याला काही झालेलं नाही. तिथून सुरुवात करतो.

तुझं पाकीट गराजमध्ये फ्रीजवर दीड महिना पडून होतं. येता-जाता दिसायचं आणि मी कूस बदलल्यासारखा त्याच्याकडे पाठ करायचो. गेल्या रविवारी ओजसचा सिॲटलहून व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "मोरूकाका अ‍ॅक्च्युअली काय करायचा, बाबा?" मी म्हटलं, "बातम्या पाठवायचा." "कसल्या?" "मला काय माहीत यार, पाकीट अजून उघडलं नाहीये." तो हसला, म्हणाला, "बाबा, जस्ट ओपन इट. यू आर सो जेलस." सत्तरीला आलेल्या बापाला पोराने असं म्हणावं! आणि कांचन मागून म्हणते, "बरोबर बोलतोय तो."

उघडलं. पहिली बातमी आयोवातल्या कुठल्याशा खेड्यातल्या पोराची. आधी वडील, त्यांचं धान्याचं दुकान. मग आई. मग शाळा. मग, लहानपणी तो घरच्या कुंपणावरून उड्या मारायचा, अशी एक ओळ. मग त्याने काय केलं. आणि सगळ्यात खाली, मधोमध, एक आकडा: – ३० –.

दुसरी काढली. तेच. तिसरी. तेच. मी साठच्या साठ जमिनीवर मांडल्या. कांचन म्हणाली, "अहो, काय चाललंय?" मी फॅमिली रूममध्ये जाऊन भिंतीवरची फ्रेम काढून आणली आणि त्या बातम्यांशेजारी ठेवली.

'मिरज जंक्शनचे निवृत्त गार्ड श्री. विनायक ताम्हनकर व सौ. सुशीलाबाई यांचे धाकटे चिरंजीव, शाळा नंबर सातचे माजी विद्यार्थी...' आणि मग, 'लहानपणी शेजारच्या गोठ्याची कडी दुरुस्त करून देणारे बाळकृष्ण...' आणि सगळ्यात खाली, मधोमध, – ३० –.

दादा, तीस वर्षं तो आकडा आमच्याजवळ आहे, आधी नानांच्या पाकिटात, मग माझ्या भिंतीवर. नाना म्हणायचे, ती त्या दिवसाच्या अंकातली तिसावी बातमी असेल. मी म्हणायचो, कंपोझिटरची काही खूण असेल. गोठ्याच्या कडीचं नानांना वाटायचं मी पेपरवाल्यांना सांगितलं, आणि मला वाटायचं नानांनी सांगितलं. आम्ही एकमेकांना कधी विचारलंसुद्धा नाही, कारण दोघांनाही ते फार आवडलं होतं. ती कडी मी सात वर्षांचा असताना बसवली. कंदील धरायला तू होतास. तिसरं कुणी नव्हतंच तिथे.

तू लिहिलीस ना ती?

मला भयंकर राग आला. तुला काय, सगळंच तूच द्यायचं? माझं ग्रीन कार्ड तुझ्यामुळे, तू सैन्यातून नागरिक झालास म्हणून. ते गिळलं होतं मी. म्हटलं, निदान मिरजेच्या पेपरातलं नाव तरी माझं स्वतःचं आहे. आयुष्यात तेवढ्या एका बाबतीत मी तुझ्या पुढे होतो. तीस वर्षं त्या चार ओळींवर मिजास केली. जूनच्या पत्रातसुद्धा तुला वाकुल्या दाखवल्या, आणि तू काय केलंस, तर गुपचूप पाकीट पाठवलंस. एक शब्द लिहिला असतास, 'बाळ, ती बातमी माझी होती', तर तुझं काय जाणार होतं?

आता दुसरं. हे लिहायलाच बसलोय, बाकी सगळी टाळाटाळ.

१९९१ मध्ये ते पास आले. पाकिटावर नानांचं नाव होतं, तरी मी ते उघडलं. आई-नाना माझ्याकडे येऊन तीन महिने झाले होते. मी त्यांना धबधबा दाखवला, सरोवर दाखवलं, माझी कंपनी दाखवली. नाना सगळं बघायचे, छान म्हणायचे, आणि गाडीत बसले की विचारायचे, "मोरू इथून किती लांब राहतो रे?" प्रत्येक वेळी. एकदाही चुकलं नाही.

मी पास टूलबॉक्समध्ये टाकले, पान्यांच्या खाली.

त्यांचा राग कधीच गेला होता, दादा. सप्टेंबरमध्ये त्यांनी एकदा स्वतः विचारलं, "त्याच्या कॉलेजात मॅच असतात म्हणे शनिवारी. कोट घालून जावं लागेल का?" मी म्हणालो, "दादाला सीझनमध्ये वेळ नसतो नाना. तो म्हणाला, नंतर बघू." तू असं म्हणाला नव्हतास. नाना बरं म्हणाले आणि पुन्हा विचारलं नाही. दिवाळीला तू आलास तेव्हा ते दोन वाक्यांवर बोलले नाहीत, कारण त्यांना वाटलं होतं की मुलाला आपल्यासाठी वेळ नाही.

मला तेवढे सहा महिने ते फक्त माझे हवे होते. बाकी काही कारण नाही. आणि मग मिरजेला गेल्यावर आठ वर्षांत ते गेले.

आता तू काय म्हणशील ते.

बाळ

---

नेपरव्हिल,
९ सप्टेंबर २०२४

बाळ,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन फाडली.

हो. ती बातमी मी लिहिली. शेवटचे ते तीस म्हणजे 'मजकूर इथे संपला' अशी आमच्या धंद्यातली जुनी खूण. हात सवयीने टाईप करून गेला आणि मिरजेच्या कंपोझिटरने इमानदारीने छापून टाकलं. अंक हातात आला तेव्हा मी हबकलो, पण तुम्हाला कुणाला कळलं नाही.

सांगितलं नाही कारण नियम. आणखी एक कारण आहे, आणि तू सगळं लिहिलंस तर मीही लिहितो. तुझं पेटंट झालं ते मला आईच्या पत्रातून कळलं. चार पानांचं पत्र. त्यात माझ्यासाठी शेवटी एक ओळ होती, 'तू बरा असशील.' मी बसून बातमी लिहिली, पाठवली, आणि पुढचे आठ दिवस असा जळत होतो की उत्तराने विचारलं, "जळायचंच होतं तर पाठवली कशाला?" मी म्हटलं, नाना निदान माझ्या हातचं काहीतरी वाचतील. त्यांनी ते पाकिटात ठेवलं हे मला तुझ्याकडून कळलं तेव्हा मी भरून पावलो. सांगून टाकलं असतं तर ते तुझं राहिलं नसतं आणि माझंही.

आता पासचं.

मी रागावलो आहे. लहानपणच्या रागासारखा हा जेवणाच्या वेळेपर्यंत जाणारा नाही. तेहतीस वर्षं मी धरून चाललो की वडलांना माझं तोंड बघायचं नव्हतं. त्यांच्या शेवटच्या आजारात मी मिरजेला आठच दिवस राहिलो, त्याचंही कारण हेच. 'कोट घालून जावं लागेल का' हे वाक्य मला तेव्हा मिळालं असतं तर मी नोकरी सोडून त्यांच्या उशाशी बसलो असतो. ते तू पान्यांखाली ठेवलंस.

तेव्हा माझं म्हणणं असं. भाषण कोचच करतील. आता तू हो म्हणालास तरी मला तू माइकवर नको आहेस. पण तू ये. पाच तास ड्राइव्ह करून ये. सीट एकवर नाना बसले असते. तिथे तू बस, आणि त्यांनी जे पाहिलं असतं ते सगळं शेवटपर्यंत बघ. मी वर काचेमागे असेन. त्या दिवशीचे आकडे मीच ठेवणार आहे. तेवढं मी मागून घेतलं आहे.

थंडी असेल. कोट लागेल.

दादा

---

ट्रॉय,
३ ऑक्टोबर २०२४

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुला न भेटता निघून आलो त्याची माफी माग असं कांचन म्हणते. मागतो. तुझ्याभोवती एवढी माणसं होती, सहा-सहा फुटांचे म्हातारे तुला मिठ्या मारून रडत होते, आणि खरं सांगतो, मला तेही बघवेना. अजूनही जळतो मी. या वयात काय सुटणार ते.

पण तू बस म्हणालास, मी बसलो. मला फुटबॉल कळत नाही. कांचन शेजारच्या बाईला विचारून मला समजावत होती. मी वर बघत होतो. पहिल्या पंधरा मिनिटांत एकदा तुझी दुर्बीण आमच्यावर आली. मी हात वर करणार होतो, पण वाटलं, हा हात बघायला त्याने दुर्बीण लावलेली नाही. म्हणून कोटाची बटणं लावून, नाना बसायचे तसा गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिलो. दुर्बीण बराच वेळ हलली नाही.

हाफटाइमला कोच बोलले. नाव पुकारलं, पडदा सरकला, सगळं स्टेडियम उभं राहिलं. वर काचेमागे तुझ्या शेजारचे पत्रकार हाताची घडी घालून बसले होते. नियम. मग त्यांच्यातला एक म्हातारा उठला आणि त्याने टाळी वाजवली. मग दुसरा. मग सगळे. आणि तू मात्र खाली मान घालून आकडे लिहीत होतास, तुझे हात मला खालून दिसत होते. मी टाळ्या वाजवल्या, दादा. माझ्या आणि नानांच्या वाटच्या. आईच्या कांचनने वाजवल्या.

घरी आल्यावर फ्रेम भिंतीवर परत लावली नाही. एक बातमी लिहिली. तुझ्या साठ बातम्या पुढ्यात ठेवून, तुझ्या पद्धतीने. 'वारणातीर' अजून निघतं, आता संपादक कुणी परीक्षित आहेत. त्यांचं उत्तर आलं, रविवारी पान तीनवर छापतील. लिहिणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. मिरजेत ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. प्रत सोबत.

तुझा,
बाळ

'मिरज : मिरज जंक्शनचे निवृत्त गार्ड कै. विनायक सदाशिव ताम्हनकर व कै. सुशीलाबाई यांचे थोरले चिरंजीव, शाळा नंबर सातचे माजी विद्यार्थी श्री. मोरेश्वर ताम्हनकर यांचे नाव अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका कॉलेजच्या स्टेडियममधील पत्रकार कक्षास देण्यात आले आहे. लहानपणी धाकटा भाऊ शेजारच्या गोठ्याची कडी बसवत असता कंदील धरून उभे राहणारे मोरेश्वर सहा वर्षे अमेरिकन लष्करात होते. त्यानंतर एकतीस वर्षे त्यांनी कॉलेजच्या खेळाडूंच्या बातम्या त्यांच्या त्यांच्या गावी पोहोचवल्या. धाकट्या भावाच्या पेटंटची १९९४ साली याच दैनिकात आलेली बातमीही त्यांनीच लिहिली होती. १९९१ साली त्यांनी मॅच पाहण्यासाठी आईवडिलांना दोन पास पाठवले होते. आईवडिलांची जाण्याची फार इच्छा होती. धाकट्या चिरंजीवांनी त्यांना नेले नाही.

– ३० –'